खिसा

विश्राम धुरींच्या वरच्या पुढच्या दातापाशी
मोजपट्टीची सुई आत सरकली.
तीनवर थांबायला हवी होती.
सात, मी म्हणाले. रक्तस्राव, हो.
ज्युनिअरनं तक्त्यावर सात लिहिला,
त्याच्या डोक्यावर लाल ठिपका दिला.

इथे हिरडी दातापासून सुटली आहे, काका.
ह्याला आम्ही खिसा म्हणतो.
तोंडात आरसा असतानाच ते हसले:
"मुंबयत पंचेचाळीस वर्सां झाली,
एकानय खिसो कापूक नाय माजो.
आता तोंडात शिवल्यानी?"

घोडपदेवच्या एका बँडात ते क्लॅरिनेट वाजवतात.
मुखपट्टी ज्या दाताला टेकते
तो दात आता वरच्या सा-ला हलतो.
"दात हलतत तर हलांदेत गो बाय,
सूर हलाक नको."

खिशातला थेंब काचेवर घेतला.
तिसरा मजला, खिडकीखाली बेलासिस रोडचे हॉर्न.
एक डोळा मिटून ते नळीवर वाकले.
मळसूत्री, काटकुळे, ठिपक्यांच्या माळांचे,
सगळे घाईत.
"ही सगळी माजीच?"
तुमचीच.

मग मी पाठ केलेलं सांगू लागले:
घासलेल्या दातावर काही मिनिटांत लाळेचा लेप बसतो,
त्यावर आधी येतात ते गोल, साधे, साखळी धरून राहणारे.
मग सुईसारखे लांब,
जे एका हातानं आधीच्यांना धरतात
आणि दुसऱ्या हातानं उशिरा येणाऱ्यांना,
ज्यांना हवा सोसत नाही,
ज्यांना खोली हवी, काळोख हवा,
आणि रक्तातलं लोह.
वर चिकट पांघरूण, आत पाण्याच्या बारीक वाटा,

आणि मी म्हणणार होते: अनधिकृत वस्ती.
जीभ अडली.
अँटॉप हिलच्या आमच्या खोलीला
हाच शब्द लावून चारदा नोटीस आली होती.
गिळला.
थर, मी म्हणाले. थर साचतो.

आणि दात तो थर पाडत नाही, काका.
त्याची विकरं फक्त टाके उसवतात,
हिरडीच्या पेशी ज्या टाक्यांनी एकमेकींना धरून असतात ते.
मग आतून हाक जाते.
रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात,
पांढऱ्या पेशी दाटीवाटीनं बाहेर पडतात,
गिळता येईल ते गिळतात,
गिळता येत नाही तिथे स्वतःला फाडून
आपल्याच डीएनएचं जाळं फेकतात.
मरताना त्यांच्याकडून जे सांडतं
त्यानं विरघळतात तुमचेच तंतू.
त्या मोडतोडीवर जंतू जेवतात,
म्हणून त्यांना हे भांडण मिटायला नकोच असतं.

खाली हाडापर्यंत निरोप पोचतो.
हाड खाणाऱ्या पेशी, त्याही तुमच्या,
एरवी थोडं खातात, मागून दुसऱ्या भरत येतात.
आता भरणाऱ्या कामावर नाहीत.
दात तिथेच उभा.
जमीन गेली.

ते बराच वेळ गप्प. नळ ठिबकत होता.
"म्हंजे एक ढोलवालो पिऊन इलो
की त्याका झाकूक बाकीचे जोरात वाजवतत,
आणि गाणा मरता.
तसाच मां?"

माझ्या प्रबंधात ह्याची अकरा पानं आहेत.
तसंच, मी म्हणाले.

भुलीचं इंजेक्शन दिलं, मुळं खरवडली,
काळे खडे ताटलीत टणटण पडले.
हलणारा दात शेजारच्यांना तारेनं बांधला.
गेलेलं हाड परत येईल असं नाही बोलले.
उरलेलं राखता येईल, इतकंच.
"वैशाखापर्यंत?"
बघू, चार वेळा यावं लागेल.

बाहेर बाकड्यावर ते थांबले होते.
सदऱ्याच्या खिशातून रीड काढली,
सवयीनं ओले करायला ओठांकडे नेली.
भूल उतरली नव्हती.
रीड हनुवटीला लागली, मग गालाला,
ओठ काही सापडेना.
मी बघतेय हे बघून
त्यांनी ती परत खिशात टाकली,
वरच्या, कापडाच्या.