कांडी

फॉर्मवर एक रकाना होता:
मागील दीड वर्षात काय केले?
पेन चालेना.
शेजारचा पोरगा, मिसरूडही न फुटलेला, म्हणाला,
काका, रिकामा सोडा ना जी, कोण वाचते.

रिकामा सोडला.

खरं तर पुष्कळ केलं होतं.
गोळीबार चौकातले आमचे माग
किलोच्या भावानं भंगारात गेले,
त्यानंतरही मी रोज आठला डबा घेऊन निघालो.
गांधीसागराच्या काठावर बसलो.
पायऱ्या मोजल्या, मग उलट्या मोजल्या.
एक वाजता भूक लागायची,
जुन्या सवयीनं, नोकरी गेल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.
सहाला घरी. दमल्यासारखा चालत.
दमणं मात्र खरं होतं.

यमुना काही बोलली नाही.
फक्त एका रात्री माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली,
तुमच्या डोक्यात आजकाल तूस नाही निघत.
आणि दिवा घालवला.

दुसऱ्या दिवशी डब्याखाली कागदाची घडी:
पाचपावली, पहिला माळा, मोटार वायंडिंग,
तीन महिने. वयाची अट नाही.
शेवटचं वाक्य तलावावर चारदा वाचलं.

वर्गात सतरा जण.
मेश्राम मॅडम, माझ्या पोरीएवढी,
पहिला आठवडा तारेला हातच लावू देईना.
उभे राहा, नाव सांगा, काय येतं ते सांगा.
कुंदा उके म्हणाली, मले काही नाही येत,
लग्नाघरचा स्वयंपाक येते फक्त.
मॅडमनं फळ्यावर लिहिलं: दोनशे पानं, वेळेवर.
कुंदा फळ्याकडे पाहतच राहिली,
दुसऱ्याच कुणाचं नाव लिहिल्यासारखी.

राग आला की दहा अंक मोजायचे, हाही एक धडा.
इश्तियाक म्हणाला, मोजतो ना मॅडम,
अकराव्याला हाणतो.
त्या दिवशी सगळे हसले. मीसुद्धा.
पाचव्या आठवड्यात तो यायचा थांबला.
त्याची खुर्ची कुणी हलवली नाही.

माझी पाळी आली तेव्हा घशात गुंता.
घनश्याम पौनीकर, म्हणालो, आणि बसलो.

मग तार आली.
तांब्याची, केसाएवढी, उजेडात लाल.
वेढे मोजत भरायचे, एकही चढता कामा नये.
बोटांनी मला विचारलंच नाही.
तीस वर्षं कांड्या भरलेली बोटं ती,
ताण कुठे द्यायचा, कुठे सोडायचा, त्यांना पाठ.
मॅडम वाकून पाहत म्हणाली, आधी केलंय तुम्ही?
नाही म्हणणार होतो.
हो, म्हणालो. सुतावर.

तरी पहिल्या दोन मोटारी जाळल्याच.
सुताला चूक माफ असते, गाठ मारता येते.
विजेला गाठ चालत नाही.

शेवटचा धडा: भाव सांगताना खाली पाहायचं नाही.
जोड्या लावल्या. कुंदा कंजूष गिऱ्हाईक झाली,
पदर खोचून अशी भांडली
की मी तीनदा फुकटात काम करून दिलं.

आता मे. पारा सत्तेचाळीसवर,
खिडकीखिडकीतले कूलर धापा टाकून राहिले.
मानेवाड्यात, तिसऱ्या माळ्यावर,
भरून आणलेली मोटार बसवली, बटण दाबलं.
वाळ्याचा ओला वास खोलीभर.
किती झाले, बाईंनी विचारलं.
सहाशे.
एवढे? इतवारीत तर चारशेत करून देतात!
शब्दाला शब्द कुंदाचा. मला हसू फुटलं.
इतवारीत उन्हातून जावं लागते बाई, म्हणालो,
बाईंच्या डोळ्यांकडे पाहत.
साडेपाचशेवर तुटलं.

रात्री यमुनेनं माझ्या कॉलरवरून काहीतरी उचललं,
बल्बसमोर धरलं.
केसाएवढा तांब्याचा तुकडा.
हे काय जी? तिला माहीत होतं, तरी विचारलं.

तूस, म्हणालो.