पाचवा भाग येतोय म्हणे

डुलुथमध्ये फेब्रुवारी, उणे चोवीस,
सरोवर गोठून खळ्यासारखं सपाट,
आणि आर्डिसच्या बेकरीत, शटर अर्धं ओढून,
आम्ही चौघं भांडतोय
की विन्स्लो आता कडा चढेल का.

बातमी परवाची. कंपनीने एक चित्र सोडलंय फक्त:
खुंटीवर दोराचं वेटोळं.
ना तारीख, ना नाव. एवढ्यावर
अर्वो माकिनेनला रात्रभर झोप नाही.
चाळीस वर्षं खनिजाच्या बोटींवर काढलेला माणूस.
म्हणतो, हा दोर नायलॉनचा आहे,
विन्स्लोचा तागाचा होता. सुरुवातच खोटी.

आर्डिसला वाटतं, त्याने चढूच नये.
एखाद्या बंदरावर दुकान टाकावं,
पोरांना गाठी शिकवाव्यात,
आणि तिसऱ्या भागात धक्क्यावर राहून गेलेली ती बाई
एक दिवस दारात यावी, पिकल्या केसांची, छत्री मिटत.
हे सांगताना आर्डिस ट्रेमधला चुरा
एका बाजूला गोळा करत राहते.

डेल्विनचं मागणं वेगळं.
दुसऱ्या भागात बर्फातून पेट्या वाहणारी अकरा माणसं,
त्याने मोजलीत,
एकालाही नाव नाही. ती दरीत पडतात
तेव्हा विन्स्लो पेट्यांसाठी ओरडतो.
‘माझा आजा वाहायचा तशा पेट्या, सर्वेवाल्यांच्या.
या वेळी एकाला तरी हाक मारा.’
मग थोडा वेळ नुसता ओव्हन बोलतो.

चौथ्या भागाचा विषय आम्ही काढत नाही,
काही घरांत एखाद्या काकाचा काढत नाहीत तसा.

शिळ्या कढीला ऊत, मी पुटपुटलो,
आणि अर्थ सांगावा लागला.
अर्वो म्हणाला, यात वाईट काय?
आमचं हॉटडिश दुसऱ्या दिवशीच लागतं.

खरा प्रश्न दातांचा.
दर भागात विन्स्लो दातांनी गाठ सोडवतो,
हात मागे बांधलेले, पाणी गळ्याशी.
नट आता एक्क्याऐंशीचा.
सगळे माझ्याकडे बघतात, कारण मी कवळ्या बनवतो,
सुपीरियर स्ट्रीटवर, सतरा वर्षं झाली.
सफरचंद चालेल, मी सांगतो. ताग नाही.
अर्वो काही न बोलता कवळी काढून टेबलावर ठेवतो,
माझ्याच हातची,
पिठाच्या पोत्याची सुतळी उचलतो
आणि हिरड्यांनी, नुसत्या हिरड्यांनी,
गाठ सोडवून दाखवतो.
चार मिनिटं लागली. कुणी हसलं नाही.
कॅमेऱ्याने तेवढं थांबावं, बस.

माझी पाळी आली तेव्हा मी मायणीची जत्रा सांगितली.
तंबूतला पडदा, हिंदी बोलणारा विन्स्लो,
आम्ही त्याला विसूभाऊ म्हणायचो.
तिसऱ्या रिळात तो विहिरीत पडतो, वरून शिळा सरकते,
आणि एकदम बाजारात डाळिंब खाताना दिसतो.
मधलं रीळ कुठे गेलं?
ऑपरेटर तंबाखू मळत म्हणाला,
‘निघाला असंल की कसातरी.’

बारा वर्षांचा मी रोज रात्री त्याला बाहेर काढायचो.
कधी वडाच्या मुळांना धरून, कधी गाळातल्या भोकातून,
एकदा तर आईने कळशीचा दोर सोडला
आणि ‘हळू रे’ म्हणाली.
इथे आख्खा सिनेमा मिळतो, नीट स्वच्छ केलेला.
त्या जागी आलो की मी उठतो, कचरा बाहेर टाकून येतो.
अजून पाहिलेलं नाही.
मला एवढंच हवंय, त्याला पुन्हा विहिरीत टाका
आणि पुढचं थोडं आमच्यावर सोडा.

‘तिकिटाचे पैसे देऊन?’ आर्डिस म्हणाली.

बाहेर माझी गाडी चालू होईना.
अर्वोने डिकी उघडली, दोर काढला,
माझ्या बंपरला दोन वेढे देऊन गाठ मारली.
नायलॉनचा होता.
मी काही बोललो नाही.