गडगडे

पौषातली पहाट, वाठारच्या अलीकडचा चिलारीचा घाट.
फौज मागं हटत होती, म्हणजे
पुढंच चालली होती, कृष्णेकडं,
आणि ‘पळतोय’ हा शब्द कुणीच तोंडातून काढत नव्हतं.

सगळ्यात शेवटी नौबतीचा बैल, मोराळा,
एका डोळ्यानं अधू.
पाठीवर दोन नगारे,
आणि शेपटाशी सात पिढ्यांमागचा आमचा भिवजी घडशी,
टिपऱ्या कमरेला, हात काखेत.
वाजवायची मनाई होती.
तीन रात्री ती फौज खोकतसुद्धा नव्हती म्हणे.

तिसऱ्या वळणावर मोराळ्याचा खूर दवावरून सरकला.
वादी तुटली.
डावा नगारा सुटला
आणि एकटाच घाट उतरू लागला,
दगडागणिक धुम्,
करवंदीच्या जाळीत जरा गप्प,
पुन्हा धुम्, धुम्,
जन्मात पहिल्यांदाच, कुणाच्या हाताशिवाय.

खाली पाठलागावरची पलटण शेकत बसली होती.
त्यांना वाटलं, चालून आले.
त्यांनी बार काढले.
वर पिछाडीला वाटलं, हुकूम झाला असणार.
जुंपली.

हुकूम कुणाचा, हुकूम कुणाचा,
दुपारपर्यंत स्वार एवढंच विचारत वरखाली दौडत होते.

भिवजी तेवढा उतरला.
लढायला नव्हे. नगारा सरकारी,
त्याचा हिशेब मागितला असता.
दोन्हीकडच्या धुरातून, बुडावर घसरत,
ओढ्यात गाठला त्यानं.
‘थांबा’ची थाप त्याला येत होती.
टिपरी उचलली, तर
कातडं उभं फाटलेलं,
तांब्याच्या पोटात ओढ्याचं पाणी.
तरी मारली.
पाणी उडालं तोंडावर.

उन्हं कलली तेव्हा सगळे आपोआपच दमले.
अर्धा दिवस गेला.
तेवढ्यात दुसरी पलटण आडवाटेनं जाऊन
नदीच्या उतारावर बसली होती.

कारकुनानं लिहिलं म्हणे:
नगारा एक, बैल एक, माणसे एकतीस.
याच क्रमानं.
लढाईला नाव नाही.
कुणी ठरवलीच नव्हती, तर बारसं कोण करणार?

गावानं आम्हाला मात्र ठेवलं: गडगडे.
शाळेच्या दाखल्यावरही तेच.
हजेरीला माझा नंबर आला की
पोरं बाकं बडवायची.

एक टिपरी उरलीय, बाभळीची,
एका टोकाला झिजलेली.
शेवंता, माझी बहीण, लोणंदला असते.
न्हाणीघराची खिडकी वाऱ्यानं आपटते,
म्हणून ती मध्ये अडकवून ठेवते.