दहा हजारांत एक

सोहारला रिफायनरीच्या गेटावर
छातीला पिवळा डबा लावून देतात, काडेपेटीएवढा.
हवेत कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत पस्तीसवर गेला
की तो किंचाळतो,
आपण वाऱ्याची दिशा बघून पळायचं.
अकरा वर्षांत दोनदा पळालो.
एकदा खरं होतं.

रात्रपाळी नसली की खोलीत
एसीचा खडखडाट, सलीम मकबालीनं दिलेला खजूर,
आणि लॅपटॉपवर रोहिणीजवळचा आकाशाचा तुकडा.
कुठल्याशा कोरड्या, उंच पठारावरच्या तबकडीनं
ऐकून ठेवलेला.
इथून ऐकू आला नसता.
जूनमधली इथली हवा म्हणजे न पिळलेला टॉवेल,
अडीच मिलिमीटरची लाट तिच्यात जिरून जाते.

ढग म्हणायचा, पण थेंब नाही त्यात.
हायड्रोजन, जोडीजोडीनं,
इतका गारठलेला की तोंडातून शब्द फुटत नाही.
दहा हजार जोड्यांमागे एखादा कार्बन मोनॉक्साइड;
धक्का लागला की गिरकी घेतो,
थांबताना उजेडाचा एक कण सांडतो.
तो निघाला तेव्हा सांगोला होतं की नाही
मला माहीत नाही.
आलेखावर त्याचं टेंगूळ येतं, सेकंदाला सहा किलोमीटरवर.
त्यावरून गप्प बसलेल्यांचं वजन काढायचं.
कितीनं गुणायचं
यावर जाणकारांचं अजून भांडण चालू आहे.

सलीम म्हणाला, दिवसा हेच विष हुडकायला पगार घेतोस,
रात्री फुकट?
म्हटलं, दिवसा सापडू नये म्हणून हुडकतो.
तो हसला. मग मी बोटांवर हिशेब केला:
दहा हजारांत एक, म्हणजे दहा लाखांत शंभर.
डबा तिथं नेला तर
किंचाळायला हवा.
किंचाळणार नाही. तिथं अख्ख्या डब्यात
मावतील तेवढे कण
आपल्या एका उच्छ्वासात हरवून जातील.

शुक्रवारी आत्याचा फोन.
जेवले. गुडघा तसाच. विहिरीची मोटर जळली होती,
दुरुस्त करून आणली.
तुझं ते आकाश कुठवर आलं विचारत होते.
विचारत होते?
तसं नाही रे, पण मला कळतं.

मागं कपात चमचा फिरतो.
साखर किती वेळ ढवळतात त्यावरून
मी अंदाज बांधतो.
आत्याच्या एका वाक्याला कितीनं गुणलं
की बाबा होतात?

डब्याला महिन्यातून एकदा
थोडा खरा वायू हुंगवतात,
अजून ऐकू येतं ना, बघायला.
उद्या माझ्या डब्याची पाळी.

फोन ठेवताना दर वेळी म्हणतो, त्यांना दे.
पलीकडे रेघ सपाट.
मग आत्या म्हणते, झोपले.

झोपलेला माणूस
खाकरतो.
मी तारीख, वेळ लिहून ठेवतो.