थंडीची रेघ

तरावीहनंतर अब्बा आले, चपला न काढताच ओट्यावर बसले.
बाहेरगावचे मौलाना आज समुद्रावर बोलले होते:
खोल दर्यातला अंधार, त्यावर लाट,
त्या लाटेवर आणखी लाट, वरती ढग,
आणि माणसानं हात पुढे केला
तर त्याला तो दिसू नये.
शास्त्रज्ञांना हे आत्ता कळलं, म्हणाले, आयतीत तेव्हाच होतं.
"तू शाळेत शिकवतीस. खरं काय ते सांग."

मणेराजुरीपासून समुद्र एक घाट आणि पाच तास लांब.
अब्बांनी तो एकदाच पाहिला, रत्नागिरीला,
घोटाभर पाण्यात उभं राहून.
"तळाचा पत्ता नाही. इथं माझं काय काम?"
त्यांचं काम विहिरीतलं. चाळीस वर्षं
पडलेल्या मोटरी, निसटलेले फूटव्हॉल्व्ह,
एकदा कुणाचीतरी नथ, डब्यासकट.
छातीत एक दम, कमरेला दोरी,
आणि काठावर दादू कोळेकर दोरीचं टोक धरून.
दोनदा ओढली, की वर घ्यायचं.

मी सांगितलं.
दोनशे मीटरवर उजेड संपत येतो,
हजारावर काहीच उरत नाही.
पाण्याच्या पोटातही लाटा असतात, वरून न दिसणाऱ्या,
गरम आणि गार पाण्याच्या सीमेवरून सरकणाऱ्या.
"ती रेघ मला माहितेय."
अब्बांनी बरगडीखाली हात ठेवला. "इथं. मे महिन्यात.
वर पाणी कोमट, आणि मधेच
कुणी विळा फिरवल्यागत गार.
दाजीबाच्या विहिरीत ती रेघ हलायची."
घरात आम्ही दख्खनी बोलतो.
विहिरीचं मात्र अब्बा मराठीतच बोलतात.

मग मी रंगांचं सांगितलं.
समुद्रात लाल आधी विझतो, निळा खोलवर जातो.
"आमच्यात उलटं," अब्बा म्हणाले.
"निळं आधीच जातं. मग हिरवट, मग मातकट तांबूस,
मग काही नाही.
दोरीची लाल गाठ मला शेवटपर्यंत दिसायची."
रात्री मी पुस्तक काढून पाहिलं. अब्बा बरोबर होते.
पाला कुजलेल्या, गढूळ पाण्यात असंच होतं.
मौलानांचा समुद्र नितळ, माझाही;
दोघांनीही तो छापील पानावर पाहिलेला.

बराच वेळ ते टाचेची भेग चाचपत राहिले.
"सावळजला ते पोर काढलं ना,
तेव्हा गाळात हात फिरवत होतो.
एक हात लागला.
वाटलं, माझाच.
धरला. त्यानं धरला नाही,
तेव्हा कळलं."

आणि मग, दुसरीकडं बघत:
"ती आयत ईमान नसलेल्यांसाठी ना?
मी तर बिस्मिल्ला म्हणून उतरायचो.
मलापण नाही दिसलं."

मीटर मला येतात.
हे येत नाही.
मी एवढंच म्हणाले, की त्या आयतीत
लाटा मागं पडतात, ढग मागं पडतात,
शेवटी समुद्र उरतच नाही,
एक हात उरतो, आणि नूर कुणी द्यायचा ती गोष्ट.
अब्बांनी मान हलवली. पटलं म्हणून की झोप आली म्हणून,
कळलं नाही.

सेहरीला लाईट गेली.
अब्बांच्या डाव्या डोळ्याची तारीख अजून लांब आहे,
मिरजेच्या दवाखान्यात, ईदनंतर,
आणि उजवा म्हणजे दुधाची काच.
स्वयंपाकघराच्या दारात ते हात पुढे करून उभे होते.
मी हाक मारली नाही. का, ते माहीत नाही.
बोटं भिंतीवरून आली, मांडणीवरून,
सांडशी ओळखली, पिठाचा डबा ओळखला,
खजुराच्या वाटीत क्षणभर घुटमळली,
आणि माझ्या मनगटाशी थांबली.

दोनदा ओढलं.

स्टोव्हवर दूध उतू जात होतं.
मी हात सोडवून घेतला नाही.