हिमाची तारीख

ऋजुताने मॅनिटोबाहून पाठवलेलं पाकीट,
वर गाजर, इतकं सरळ की खोटं वाटावं.
मागे बारीक अक्षरांत:
शेवटचं हिम पडायच्या तीन आठवडे आधी पेरा.

मी ऐरोलीत, सेक्टर आठच्या गच्चीवर
रंगाचे सात रिकामे डबे मांडून
ही तारीख शोधतोय.
आमच्याकडे हिम पडतं ते फ्रिजरमध्ये.
दर दुसऱ्या रविवारी बटण दाबून मीच ते वितळवतो,
खाली जुना टॉवेल अंथरतो.
त्यावरून काय पेरायचं?

फोनवर ती म्हणाली, बाबा, इथे जमीन बंद होते.
कुदळ मारली तर टण् वाजते.
मला हेवा वाटला त्या आवाजाचा.
इथली जमीन कधीच नाही म्हणत नाही,
म्हणून हो कधी म्हणाली तेही कळत नाही.

पहिला डबा गणपती उठल्या उठल्या पेरला.
नुसता पाला. उपटलं तर खाली
उंदराच्या शेपटीएवढं काहीतरी.
दुसरा ऑक्टोबरने उकडून काढला.

दिव्याच्या पदीबाई मढवी फाटकाशी माठ विकतात.
आमची इमारत उभी आहे तिथे
त्यांच्या बापाचा भात असायचा.
पाकीट उलटं धरून म्हणाल्या,
"यो कागुद काय सांगल?
वारा खाडीवरना याचा थांबला,
सकालचा डोंगराकडना आला,
का मंग टाकाचा."

वाऱ्यासाठी माझ्याकडे दोरीवरची लुंगी होती.
रोज पहाटे चहा घेऊन तिच्यासमोर.
देवदिवाळीच्या सुमारास एकदा
ती खाडीकडे उडाली.
खाली स्कूटरच्या सीटवर दहिवर.
तसाच वर पळालो, चपला खालीच राहिल्या.
एका डब्यात गाजर, उरलेल्यांत मुळा.

गाजरं आली. वाकडी, एकाला तर दोन पाय.
फोटो बघून ऋजुता हसली; तिकडे उणे एकतीस.
मुळ्याचं मात्र मी लांबवत गेलो,
अजून भरेल, अजून.
फेब्रुवारीत एका आठवड्यात ऊन चढलं
आणि मुळा आतून जून, पोकळ,
वर जांभळट फुलं.
आमचीही एक शेवटची तारीख असते,
कळली तेव्हा होऊन गेली होती.

एक उपटून पदीबाईंना दाखवला.
"सगलाच उपटला काय?"
नाही, एकच.
"मंग र्‍हाऊंदे. डिंगऱ्या लागतील."

लागल्या. भाजी झाली, तिखट, जराशी कडू.
थोड्या झाडावरच वाळू दिल्या,
बी काढून त्याच पाकिटात भरलं.
मागच्या बारीक अक्षरांवर काट मारून लिहिलं:
लुंगी खाडीकडे उडाली की.