हातचा मंगळवार

नऊ हजार सहाशे सत्तर किलोमीटर.
ऑकलंड ते सान्तियागो, मध्ये नुसतं पाणी.
एकतीस वर्षं तेमुकोची रातराणी चालवलेल्या बाबांना
विमानाचे अकरा तास कधी पटलेच नाहीत.
पाकिटाच्या पाठीवर त्यांनी मांडलं :
ताशी नव्वद धरले तर एकशेसात तास,
जेवण, टायर, उलटी होणारी पोरं धरून पाच दिवस.
"आणि एवढ्या वाटेत एकही पेट्रोलपंप नाही, रायेन?"

मे महिन्यात आई गेली
तेव्हा मी ते अकरा तास केले नाहीत.
ते पुकेच्या शेडमध्ये किवी निवडत होते,
मऊ डावीकडे, कडक पुढे.
हंगामाचे नऊ दिवस उरले होते
आणि तिकीट सहा आठवड्यांच्या पगाराएवढं.
खरंच होतं सगळं.
खरं असून पुरलं नाही.

मग या मंगळवारी, ऑकलंडला,
संध्याकाळी पाच वाजता, गेटपाशी उभी राहून
मी फोनवर म्हणाले :
घर विकायचंय तर विका.
सही करायला येतेय मी,
तुम्हाला भेटायला नाही.

सहाला विमान सुटलं.
खाली कुठेतरी वाररेषा गेली.
पायाला काही लागलं नाही, चहासुद्धा हिंदकळला नाही.
शेजारच्या बाईंनी घड्याळ काढून काटे मागे फिरवले,
आणि संपत आलेला मंगळवार
पुन्हा कोरा होऊन समोर आला.
झोप लागली नाही. हिशेब करत बसले,
हातचा धरायचा कुठे, सोडायचा कुठे.

सान्तियागोला उतरले तेव्हा
मंगळवारच होता. दुपारचा एक.
निघायच्या पाच तास आधी पोचले होते मी.

बाबा कठड्याला टेकून उभे,
बस कंपनीचा जुना कोट, वरचं बटण तुटलेलं.
मी तोंड उघडलं, मे महिन्याबद्दल, फोनबद्दल,
तर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.
"पाचला बोललीस ना तू ते?
आत्ता कुठे एक वाजलाय."

तिथले पाच म्हणजे त्यांच्या उशाशी रात्रीचा एक.
त्यांनी ते अंधारात, एकट्याने ऐकलं होतं.
हे गणित दोघांनाही येत होतं.
दोघांनीही घातलं नाही.

मेलिपियापर्यंत गाडी त्यांनीच चालवली,
ताशी साठने, बस भरलेली असावी तशी.
घरी आईच्या ओट्यावर मी कांदे चिरायला घेतले.
सुरी बोथट होती. कांदे लागायचं कारण नव्हतं,
पण लागले.

पाचला पाच कमी असताना
बाबा उठले, रेडिओ लावला,
आणि आवाज इतका मोठा केला
की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.
सव्वापाचला बंद केला.

सहाला, ताटं मांडताना, म्हणाले,
"आता सुटलं असेल तुझं विमान."